टक टक, गाव कोणतं?

भोंगेमामा माइकवर कधी 'हॅलो, हॅलो' म्हणाले नाहीत. बोटाने माइकवर दोनदा टक टक करायचे आणि गप्प उभे राहायचे. नारायणगडाची यात्रा असो नाहीतर पाटोद्यातलं एखादं लग्न, त्या गप्प राहण्यानेच माणसं वळून बघायची. "आपुन थांबलो की लोकं थांबतेत," असं ते म्हणत. मांडव, माइक, भोंगे सगळं त्यांचं स्वतःचं होतं. आवाज तर असा, की पंगतीला बसा म्हणाले तरी लढाईला बोलावल्यासारखं वाटायचं.

यात्रेत हरवलेली पोरं त्यांच्या मांडवात आणून बसवत. मामा आधी विचारायचे, "गाव कोणतं?" नाव नंतर. शेवटच्या लेकराची माणसं येईपर्यंत ते भोंगे उतरवू द्यायचे नाहीत, मग गडी कितीही कुरकुरोत. लहानपणी मीही त्या मांडवात बसले आहे, त्यांच्या डब्यातली भाकरी खात. आई न्यायला आली तेव्हा मी उठायला तयार नव्हते म्हणे. हे त्यांनी पुढे माझ्या लग्नात, सासरच्यांसमोर, माइकवरून सांगितलं.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती फुसफुस. भोंगे त्यांनी भाच्याला देऊन टाकले आणि रोज माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसू लागले. आयुष्यभर हजारोंशी बोललेला माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसलेला मला बघवेना. एक दिवस मी दुकानातला जुना मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि गोष्टींचं एक ॲप उघडून दाखवलं. इथे लोक गोष्टी भागाभागाने टाकतात, कुणीही वाचतं, असं सांगितलं.

"म्हंजी यात्राच हाय की," मामा फुसफुसले.

त्यांची गोष्ट होती यात्रेत हरवलेल्या चिमीची. ही चिमी आपलं गाव काही केल्या सांगत नाही. दर भागात कुणीतरी तिला शोधत मांडवाच्या दाराशी येतं, आणि ते माणूस आत पाऊल टाकणार तोच भाग संपतो. प्रत्येक भागाची सुरुवात ठरलेली: टक टक. पहिले काही आठवडे वाचक दोनच, मी आणि मामांचे साडू. त्यातले साडू वाचत नव्हते, नुसता अंगठा दाखवून मोकळे व्हायचे.

मी म्हटलं, "मामा, सगळ्या ग्रुपांवर टाकू या. भडक चित्र लावू या."

"भोंगा वाढवून लोकं टिकत न्हाईत, पोरी. ठरल्या टायमाला बोलायचं. लोकाला सवय लागली पायजे."

त्यांनी आठवडी बाजाराची संध्याकाळ धरली. बाजार करून माणूस टेकलेलं असतंय, तवा हातात मोबाईल असतोय, हा त्यांचा हिशेब. तो वार त्यांनी कधी चुकवला नाही. कुणी खाली दोन शब्द लिहिले की मामांचं उत्तर जायचं, "गाव कोणतं?" हळूहळू वाचकच न विचारता लिहू लागले. टक टक, केज. टक टक, नांदूरघाट. ऊसतोडीला गेलेल्या बायका लिहायच्या, टक टक, पाटोदा, सध्या फडात. ती गावं वाचताना मामांचा चेहरा पुन्हा यात्रेतल्यासारखा व्हायचा.

मात्र गोष्ट संपेना. चिमीची आई दोनदा दाराशी आली आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच पोराची निघाली. वाचक वैतागले. मीही वैतागले.

"मामा, द्या की आता तिला आईकडं. काहून ताणताय?"

मामा मोबाईल पुसू लागले. "ती गेली की मांडव रिकामा. मग मी कुणासंगं बोलू?"

मी चहा सांगितला.

त्यानंतर दुखणं उलटलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी मामा सकाळीच दुकानात आले आणि एका बोटाने टाइप करत बसले. बाजाराचा वार नव्हता. मी म्हटलं, आल्यावर लिहा. ते म्हणाले, "लेकरू मांडवात एकटं सोडून जायचं न्हाई."

त्या भागात चिमीची खरी आई आली. मांडवातल्या माणसाने तिला गाव विचारलं, आणि तिच्याआधी चिमीच बोलली. पहिल्यांदाच तिने आपलं गाव सांगितलं. खाली मामांनी 'समाप्त' लिहिलं.

"आता समदे उठून जातेत बघ," म्हणून त्यांनी मोबाईल माझ्याकडे दिला.

भाचा गाडी घेऊन आला. तोवर मोबाईल सारखा वाजत होता. मी तो गाडीच्या खिडकीशी धरला. टक टक, गेवराई. टक टक, आष्टी. टक टक, केज, अजून बसलोय मामा. मामांनी सगळं वाचलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी आतून काचेवर बोटाने दोनदा वाजवलं.

मामा परत आले नाहीत. त्यांची खुर्ची मी कुणाला देत नाही, आणि त्यांची आठवण आली नाही असा बाजाराचा दिवस जात नाही. गोष्ट अजून तिथेच आहे, नवी माणसं वाचत असतात. परवा शेवटच्या भागाखाली कुणीतरी नुसतंच लिहिलं, टक टक. पुढे काही नाही. मामांचं खातं दुकानातल्या त्या जुन्या मोबाईलवर उघडंच असतं. मी गिऱ्हाईकाला जरा थांबायला सांगितलं आणि लिहिलं, "गाव कोणतं?"