कानाची खूण

गेवराईत स्टँडमागं नेट कॅफे निघाला, अन् दोन हजार तीनला तिथं कामाला कोण बसलं? सटवाची धाकटी बहीण मोहिनी! मेंढरं राखणाऱ्याची पोरगी, बारावी पास. सटवा सोता सातवीच, पण हरेक टपरीवर सांगायचा, "आमची मोहनी कम्प्युटरला बोलतं करती, बे!"

एक दिवस तिथं छापून पडलेला मेल त्यानं उचलला. मोठ्या शहरातला डॉक्टर बहिऱ्या लेकरांना एका इंजेक्शनात ऐकतं करतो, फुकट, फकस्त चौदा तारखेला. खाली लिवलं व्हतं, हा मेल वीस जणांना धाडा. सटवानं कागद थेट शेजारच्या मनकर्णाकाकूला दिला. काकूच्या चार वर्साच्या नातीला ऐकू येत नव्हतं.

"मोहनीच्या कम्प्युटरातून आलंय. खोटं कसं असंल?"

काकूनं शहराला जायाला बोचकं बांधलं. तेराला बीडच्या दवाखान्यात नातीचे कान तपासायचे व्हते, ते सोडून दिलं.

मोहिनीला कळलं तशी ती म्हणली, "दादा, आपले आबा सापडलेलं मेंढरू मालकाला कसं द्यायचे?"

"मेंढराच्या कानाला कातरलेली खूण इचारून. खूण न्हाई तर मेंढरू न्हाई."

"मग ह्या कागदाला इचार. डॉक्टरचं नाव?"

सटवानं कागद उलटापालटा केला. "न्हाई."

"दवाखाना कोणता? साल कोणतं?"

"न्हाई गं."

"गेल्या साली बी हाच मेल आलता. तवा डॉक्टर आंधळ्यांना दिसतं करीत व्हता. सांगू का मी काकूला?"

"तू कावून? नादाला मी लावलं, मीच सांगतो."

काकू नातीची येणी घालीत व्हती. सटवानं सगळं सांगितलं. काकूचे हात थांबले.

"म्या तिच्या कानाला हात लावून सांगितलं व्हतं रे, आता ऐकू येणार म्हून."

पोरीनं हसून सटवाच्या कानाला हात लावला. 

"बोचकं सोडू नका, काकू. तेराला बीडला जाऊ. मी अन् मोहनी संगं येतो."

बीडच्या डॉक्टरनं लई येळ तपासलं. डाव्या कानाला थोडं ऐकू येतं, म्हणाले, मशीन लावून बघू. काकूनं डोळ्याला पदर लावला.

सटवा पुढं सरला. "साहेब, कागदावर तुमचं नाव अन् तारीख ठळक लिवा. आमची बहीण बाहेर बसलीय, ती खुणेबिगर काय बी मानीत न्हाई."