आईचं आजारपण धरत नाहीत

चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या ताईंना गिऱ्हाईक थांबलेलं दिसलं की राहवत नसे. 'आमची लेक इकॉनॉमिक्स करतेय' इथून सुरुवात व्हायची, आणि मग समोरच्याची सुटका नाही. गणिताचे दोन पेपर झाले, सूक्ष्म अर्थशास्त्र झालं, स्थूल झालं, आवडीचे पाच विषय घ्यायचे त्यातले चार झाले. आता सांख्यिकी, ती झाली की अर्थमिती, मग एक प्रबंध, की मिळाली पदवी. यातला एकही विषय कशाशी खातात हे ताईंना ठाऊक नव्हतं, पण यादी तोंडपाठ होती. चष्मा न्यायला आलेला माणूस बिचारा मान डोलवत बसायचा. चष्म्याशिवाय त्याला पळताही येत नसे.

घरात माणसं दोनच. नवरा लेक लहान असतानाच गेला, तेव्हापासून ताईंचा सगळा जीव त्या पोरीत.

घोडं अडलं होतं सांख्यिकीवर. बरोबरीच्या मुली अर्थमितीला जाऊन बसल्या, तरी लेकीची सांख्यिकी काही संपेना. विचारलं की म्हणायची, गेल्या वर्षी तो वर्गच भरला नाही. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. एके दिवशी दुपारी सुट्टी टाकून, लेकीला न सांगता, त्या थेट कॉलेजात गेल्या. नको तिथे नाक खुपसायची सवय त्यांना होतीच.

विभागाच्या सेक्रेटरीबाई वागायला बऱ्या होत्या. कुणा एका मुलीबद्दल सांगता येणार नाही म्हणाल्या. नियम मात्र सांगितला. सांख्यिकीला दोनदाच बसता येतं. निम्मं सत्र झाल्यावर वर्ग सोडला, तर तीही एक खेप धरतात. दुसऱ्या खेपेलाही जमलं नाही, तर इकॉनॉमिक्स बंद. झालेले पेपर गोळा करून साधी पदवी घ्यायची नि घरी जायचं.

"आणि मधेच आजारपण आलं तर?" ताईंनी विचारलं.

"मुलगी स्वतः आजारी असेल तर सूट मिळते. आईचं आजारपण धरत नाहीत."

ताईंना सगळा उलगडा झाला. गेल्या वर्षी मुतखडा अडकून आत पू झाला, तेव्हा तीन आठवडे त्या दवाखान्यात होत्या आणि लेक उशाशी. वर्ग भरत होता. लेक जात नव्हती, आणि मग तिने तो सोडलाच असणार. म्हणजे एक खेप गेली, आता उरली ती शेवटची. असला नियम करणाऱ्याच्या घरी कधी कोणी अंथरूण धरलं नसावं. पण ताईंनी नियमाला बोल लावला नाही. सगळा दोष त्यांनी स्वतःच्या शरीराला दिला, आणि लेकीजवळ या विषयावर चकार शब्द काढला नाही. लेकीने त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी लेकीपासून. दोघी एकाच माळेचे मणी.

सांख्यिकीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी ताईंच्या उजव्या कुशीत कळ उठली. थोड्या वेळाने अंगात थंडी भरली. कळ आणि ताप एकदम आले तर घरी थांबायचं नाही, जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मागच्या वेळी बजावलं होतं. लेक आरशासमोर केस बांधत सूत्रं पुटपुटत होती. ताईंनी ओटा घट्ट धरला.

"आई, तुझा चेहरा असा का दिसतोय?"

"पेपर तुझा आहे, माझ्या चेहऱ्याचा नाही. नीघ."

लेक दारापर्यंत गेली आणि कपाळाला हात लावून बघायला परत फिरली. हात लागला असता तर संपलंच होतं. तेव्हा ताई भांडल्या. वेळेची किंमत नाही, कशाचं गांभीर्य नाही, तोंडाला येईल ते बोलल्या. लेक डोळ्यांत पाणी आणून निघून गेली. जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबेपर्यंत ताई उभ्या राहिल्या आणि मग तिथेच फरशीवर बसल्या. परीक्षेच्या दिवशी पोरीला रडवून पाठवलं, हे त्यांना कळेपेक्षा जास्त लागलं.

टॅक्सीने त्या कशाबशा दवाखान्यात पोचल्या. नर्सने ताप पाहिला आणि धावपळ सुरू झाली. आत नळी घालून अडकलेलं मोकळं करावं लागणार होतं, तेही लगेच. बरोबर कोण आलंय, घरी कुणाला कळवायचं, असं नर्स विचारू लागली.

"कोणी नाही," ताई म्हणाल्या.

"मूलबाळ?"

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पेपर नुकताच सुरू झाला असेल.

"नाही."

नर्सचा आवाज एकदम मऊ झाला. तिने ताईंचा हात हातात घेतला, घाबरू नका, आम्ही आहोत ना, म्हणाली. इतका वेळ दात आवळून कळ सोसणाऱ्या ताई तेव्हा हमसून हमसून रडायला लागल्या. बाई एकटी आहे, त्याचं दुःख असेल, असं समजून नर्स त्यांचे डोळे पुसत राहिली. आणि लेक आहे हो मला, असं ओठांवर आलेलं ताई पुन्हा पुन्हा गिळत राहिल्या.