नकोमामांनी पसंत केलेली स्कूटर

नकोमामांच्या तोंडून ‘हो’ ऐकलेला माणूस अख्ख्या घोडपदेवात सापडला नसता. खरं नाव सगळेच विसरले होते. बसच्या वर्कशॉपात आयुष्य काढून निवृत्त झालेला हा माणूस इमारतीखालच्या बाकड्यावर पेपर वाचत बसायचा, आणि आजूबाजूला कुणालाही जुनी दुचाकी घ्यायची झाली की तो ती आधी मामांना दाखवायचा. मामा जायचे, बघायचे आणि म्हणायचे, “नको.” लोक चिडायचे, तरी पुढच्या गाडीला पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती वेगळ्या अडचणीपायी. माझी उंची पाच फूट दहा. साध्या स्कूटरवर बसले की गुडघे हँडलला टेकतात. दोन वर्षांपूर्वी लालबागच्या पुलाखाली यू-टर्न घेताना हँडल गुडघ्याला अडलं आणि मी पडले. एकटी नाही, मागे आई होती. तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात सुधारला, पण आई पुन्हा माझ्या मागे बसली नाही. बाजारात जायचं म्हटलं की मुकाट बसच्या स्टॉपवर जाऊन उभी राहायची, आणि मी रिकाम्या सीटची गाडी घेऊन तिच्या समोरून जायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मामा आमच्या आईच्या गावाकडचे. सगळं ऐकून त्यांनी मला उभं केलं, खालपासून वर बघितलं आणि म्हणाले, “तुका स्कूटर नाय गो, घोडो होयो.” मग त्यांनीच सुचवलं की पुढे मोठी काच, पाय पसरायला ऐसपैस जागा आणि रुंद सीट असलेली मॅक्सी स्कूटर बघायची. मधल्या आकाराची, म्हणजे रोज लालबागहून गिरगावला कामावर जाताना ट्रॅफिकमधूनही निघेल. नवी मला परवडणारी नव्हती. तेव्हा जुनी शोधायची ठरली, आणि पुढचे तीन महिने माझे सगळे रविवार मामांनी खाल्ले.

त्यांची पद्धत ठरलेली. गाडी बघायची ती सकाळीच, इंजिन थंड असताना. पोचल्या पोचल्या उलटा हात सायलेन्सरजवळ न्यायचे. ऊब लागली की संपलं! दुखणी लपवायची असली की विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात, मग ती पहिल्याच फटक्याला सुरू होते आणि धूरही सोडत नाही. मामा म्हणायचे, “इंजिन गार आसताना जा बोलता, ता खरा.” शीवला एक गाडी, परळला दोन, दादरला तर इतकी चकचकीत की मी मनातल्या मनात हारही घातला होता. चारही नको.

मात्र नको कशासाठी, हे ते मालकासमोर कधी सांगायचे नाहीत. चहा घेतला असेल तर चहाचं कौतुक करायचे, नमस्कार करायचे आणि निघायचे. कोपरा वळल्यावर मग एकेक दोष बाहेर यायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, तिथंच तोंडावर सांगायचं ना!” तर माझ्यावरच डोळे वटारले. “दुसऱ्याच्या दारात उभ्यान त्याच्या वस्तूक नावा ठेवची नसतत.” माझ्यासारख्या फटकळ बाईला हे पटणं कठीणच होतं.

हा नियम मामांनी एकदाच मोडला. माझगावच्या गावठाणात एका आंटींकडे अशीच स्कूटर होती. मुलगा कॅनडाला गेला म्हणून विकायला काढलेली. आम्ही साडेसातला पोचलो. गाडी ओसरीला लागून उभी, पुसून लख्ख. मामांनी उलटा हात सायलेन्सरजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. तेवढ्यात आंटी किल्ली घेऊन हसत बाहेर आल्या. “बघा तुम्ही, एका सेकंदात चालू होते!”

तीन महिन्यांची दमणूक असेल, नाहीतर त्या हसण्याचा राग आला असेल, मामा भडकलेच. “बाई, गाडी तापवून ठेवून विकता? ह्या वयात तरी लोकांना फसवू नका!” आवाज एवढा चढलेला की समोरच्या दोन घरांतली माणसं दारात आली. आंटींचं हसू तिथंच गेलं. “नको तर नको घेऊ,” त्या हळू म्हणाल्या, “पण असं नाय बोलायचं.” मामा तरातरा निघाले. मी त्यांच्यामागे. घाईत माझं हेल्मेट ओसरीवरच राहिलं.

संध्याकाळी ते आणायला गेले. मनात दोन खरमरीत वाक्यं तयार ठेवली होती. आंटींनी हेल्मेट पिशवीत घालून ठेवलं होतं. ते हातात देत त्या म्हणाल्या, “माझ्या मुलाने जाताना सांगितलं, मम्मी, रोज सकाळी दहा मिनटं चालू कर, नायतर बॅटरी जाईल. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवला नाय. आज पण केली. मला काय ठाऊक, तुम्ही हात लावून बघणार?” मग जरा थांबून म्हणाल्या, “बॅटरीचं ठीक आहे गं. पण आवाज ऐकला की वाटतं, तो खाली उभा आहे, आता निघेल कामावर.” मी पिशवी घेतली आणि माझी दोन्ही वाक्यं तशीच घेऊन परत फिरले.

आता हे मामांना सांगणार कोण? मीच. बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसून एका दमात सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी पेपरची घडी घालून मांडीवर ठेवली. म्हणाले, “उद्या सहाक ये.”

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. गावठाणात तेव्हा जेमतेम जाग आली होती. आंटींनी दार उघडलं, आणि मामांनी ओसरीखाली उभं राहून, हात जोडून, कालच्याच आवाजात सुरुवात केली. “बाई, काल मी तुम्हाला नाही ते बोललो. तुम्ही फसवलं नाही. माझा चुकला!” समोरची खिडकी उघडली. शेजारचं दार उघडलं. आंटी बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या. “अहो, हळू बोला, सगळे ऐकतात!” मामा म्हणाले, “काल सगळ्यांनी ऐकलं, तर आज पण ऐकू दे की. बोललो मोठ्याने आणि माफी हळू कशी मागू?”

मला तिथं उभं राहवेना. हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

आंटींनी आम्हाला आत बोलावलं, चहा दिला. मामांनी मग थंड गाडी अर्धा तास तपासली. मला वर बसवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. गुडघे कुठंही लागले नाहीत. मी श्वास रोखून ‘नको’ची वाट बघत होते. मामा उठले, हात पुसले आणि म्हणाले, “घे गो.” आणि लगेच पुढे, “गुडघो लागणा नाय. आता पडलंस तर दोष गाडयेचो नाय.”

हे वाक्य मला झोंबलं, कारण त्या पडण्याची सगळी गोष्ट मी कधी कुणाला सांगितलीच नव्हती. त्या दिवशी पुलाखाली एका टॅक्सीवाल्याशी माझं वाजलं होतं. त्याला धडा शिकवायचा म्हणून मी तिरमिरीत गाडी वळवली होती. मागून आई ओरडत होती, “थांब, थांब गो!” मी थांबले नाही. नंतर जो भेटेल त्याला हँडल आणि गुडघ्याची कहाणी ऐकवली, आणि आईने ती एकदाही खोडली नाही.

नवी-जुनी स्कूटर घेऊन घरी आले तेव्हा आई गॅलरीत कोथिंबीर निवडत होती. शेजारणी होत्याच. मी तिथंच उभी राहून म्हटलं, अगदी मोठ्याने, “आई, त्या दिवशी माझं चुकलं. गाडीचं काही नव्हतं. तू थांब म्हणालीस आणि मी ऐकलं नाही.” आईने एक काडी मोडली. “एवढे दिवस लागले तुला?” म्हणाली, आणि पुन्हा कोथिंबिरीत मान घातली.

बसली मात्र नाही. मी रोज भायखळ्यावरून गिरगावला जात-येत होते, स्कूटर लोण्यासारखी चालत होती, मागची सीट कोरी. मामा भेटले की गाडीची चौकशी एका वाक्यात संपवायचे आणि आईचं विचारायचे, “आवस बसली?” मी मान हलवायची. “बसतली,” ते म्हणायचे. पुढे त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि लेक त्यांना शीवला घेऊन गेली. तिथं भेटायला गेले तरी खाटेवरून तोच प्रश्न. शेवटच्या भेटीत बोलायचंही त्राण नव्हतं. नुसत्या भुवया वर केल्या. मी म्हटलं, “नाही अजून.” त्यांनी हाताने खूण केली, थांब.

पुढच्या आठवड्यात सकाळी लेकीचा फोन आला. मामा गेले. मी डोळे पुसत किल्ली शोधत होते, तेवढ्यात आई पदर खोचून, चपला घालून दारात उभी. “माझं हेल्मेट काढ,” म्हणाली. मी ते माळ्यावरून काढून दिलं. ती सावकाश मागे बसली, आणि ज्या हाताचं मनगट मोडलं होतं तो हात तिने माझ्या खांद्यावर ठेवला. परळ, दादर, प्रत्येक सिग्नलला थांबत, प्रत्येक खड्डा चुकवत मी बैलगाडीच्या चालीने चालवत होते. दादर मागे पडल्यावर आई माझ्या कानाशी वाकली.

“अगो, जरा जोरात घे,” ती म्हणाली. “मामांना नेतील.”