बाईंच्या नंबरापुढची हिरवी खूण

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म बाईंनी भरला आणि पुण्याच्या गाडीतही त्यांनीच बसवून दिलं.

पुढे खराडीत नोकरी लागली. आमची कंपनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी सॉफ्टवेअर करत होती. गाठीच्या तुकड्याचे फोटो आणि तपासण्या त्यात घातल्या, की इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, त्या रुग्णाला लागू पडेल का याचा अंदाज मिळे. एका हॉस्पिटलात त्याची चाचणी चालू होती. अंदाज ‘हो’ आला तरच औषध.

बाईंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा मीच त्यांना बोलावून घेतलं. वारज्याला भाच्याकडे त्या उतरल्या.

“काहून रे, तुझं मशीन मला पास करते का नापास?” त्यांनी हसत विचारलं.

अंदाज ‘नाही’ आला. बाहेरून औषध घेऊन बघू, असं भाचा म्हणत होता. उगाच त्यांचे हाल करू नका, असं सांगून मी त्याला थांबवलं.

“तू म्हणतोस तर नसंल पडत लागू,” बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी गावी परतल्या.

चार महिन्यांनी ऑफिसात अंदाजांचा तक्ता दाखवला गेला. त्यात रुग्णांची नावं नव्हती, नुसते नंबर होते, पण बाईंचा नंबर मला पाठ होता. त्यांचा आजार वाढला होता, म्हणून त्यापुढे ‘अंदाज बरोबर’ची हिरवी खूण होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग मी म्हणालो, की यांना औषध दिलंच नव्हतं, तर ते लागू पडलं नाही हे कसं कळलं?

साहेब चहा ढवळत म्हणाले, “अहो, आपण नाही म्हटलेला एकही माणूस बरा होऊन भांडायला आलेला नाही. आणखी काय पुरावा हवाय आपल्याला?”

मी हॉस्पिटलातल्या बाईंच्या डॉक्टरांना फोन केला. बाईंना करायचं धाडस झालं नाही. पत्र लिहिलं.

“ती. बाईंना नमस्कार. औषध लागू पडणार नाही असं मी ठामपणे सांगितलं, ते चूक होतं. तो नुसता अंदाज होता. ज्यांना आम्ही नाही म्हणतो त्यांना औषध मिळतच नाही, म्हणून आमची चूक कधी दिसत नाही. आज डॉक्टरांना पुन्हा विचारलं. आता तुमच्या शरीराला ते झेपणार नाही म्हणाले. तेव्हा करून पाहता आलं असतं. भाचा तयार होता, मी त्याला अडवलं. त्याला बोल लावू नका.”