अंगणाचा उतार

वडील गेल्यावर त्यांची जुनी गाडी दोन पावसाळे पेणच्या आमच्या घराबाजूला उभीच होती. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कंपनीत शिफ्टला जायचो आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली घुसायचो. पुढचं सगळं सस्पेन्शन मी अंगणातच उतरवलं. स्प्रिंगा, बुश, बॉल जॉइंट, जे झिजलं होतं ते बदललं आणि सगळं परत जोडलं. गॅरेजवाल्याकडे गेलो नाही. तेवढी घमेंड माझ्यात होती आणि अजूनही थोडी आहे.

राहिलं होतं चाकांचं अलाइनमेंट. तेही मी घरीच केलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून चाकं समांतर आहेत का पाहिलं. मग गवंड्याचा ओळंबा चाकाशेजारी सोडून चाक उभं आहे का तपासलं. डावं चाक वरून बाहेर झुकलेलं दिसलं, उजवं आत. पातळ पत्र्या घालून-काढून दोन्ही चाकं ओळंब्याला लावली. पेणच्या रस्त्यांवर गाडी जराशी उजवीकडे जायची, पण नवे भाग आहेत, बसतील जागेवर, अशी मीच माझी समजूत घातली.

आणि त्याच गाडीतून आईला घेऊन रोह्याला निघालो. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, तिथे असते. आई दर महिन्याला तिच्याकडे जायची. कुंडलिका नदीच्या पुलावर समोरून एसटी आली आणि गाडीने उजवीकडे ओढ घेतली, ती थेट एसटीच्या तोंडावर. मी स्टिअरिंग डावीकडे खेचलं. एसटी खेटून निघून गेली. मावशीच्या दारात उतरल्यावर आई शांतपणे म्हणाली, "मी या गाडीत परत बसायची नाय."

आई बोलली की बोलली. रोह्याला ती एसटीने जाऊ लागली, पण तिचे गुडघे कामातून गेले होते. एसटीची पायरी चढताना ती दोन्ही हातांनी दांडा धरून आधी एक पाय उचलायची, मग दम खाऊन दुसरा. हे मी स्टँडवर उभा राहून बघायचो. पुढे ती दोन महिन्यांनी एकदा जायला लागली, मग तेही बंद झालं. बहिणी-बहिणींची भेट माझ्यामुळे तुटली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पुन्हा दोऱ्या ताणल्या. तीनदा मोजलं, चौथ्यांदा मोजलं. चाकं ओळंब्याला बरोबर उभी होती. रस्त्यावर गाडी उजवीकडेच जात होती. माझं डोकं चालेनासं झालं.

मे महिन्यात धरमतरकडची मीठवाली आली. पावसाळ्याआधी वर्षाचं खडेमीठ आई तिच्याकडूनच घ्यायची. वयाने आईएवढीच, जन्म मिठागरात गेलेला. डोक्यावरचं ओझं ओटीवर उतरवून ती पाणी प्यायला अंगणातून विहिरीकडे निघाली. माझ्या दोऱ्या ओलांडताना मध्येच थांबली. अनवाणी पाय तिने दोन-तीनदा जमिनीवर दाबले. मग आईला म्हणाली, "बाय गो, गाडीत खोट नाय. तुजं आंगण एका अंगाला उतरतंय. बोटभर."

माझा पारा चढला. ज्या अंगणात मी रांगलो, ते मला हिने शिकवायचं? तिचं खोटं पाडायचं म्हणूनच मी शेजारच्या गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी आणली. नळीची दोन टोकं गाडीच्या दोन्ही चाकांशी धरली, पाणी स्थिरावू दिलं आणि दोन्हीकडे जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. डाव्या चाकाखालची जमीन खाली होती. फरकावर मी माझं बोट आडवं धरलं. बरोबर एक बोट.

पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून वडिलांनीच अंगणाला उतार काढून घेतला होता. आपल्याकडे कुठलं अंगण सपाट असतं? दर पावसाळ्यात पाणी डावीकडच्या गटाराकडे धावताना मी बघितलंय. पण तो उतार माझ्या चाकांखालीही आहे, हे डोक्यात आलं नाही. उतारावर उभ्या गाडीची सरळ चाकं मी ओळंब्यासाठी वाकडी करून ठेवली होती, म्हणून सपाट रस्त्यावर ती उजवीकडे ओढ घ्यायची.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच लहान वाटला.

"पायाला कलतं," ती म्हणाली. "पायानं चोपून चोपून आगराची जमीन करतो आमी. बोटभर उतार रायला तर पानी एका अंगाला जातं, मीठ धरत नाय."

मी तिच्या पायांकडे बघत राहिलो. मिठाने चिरलेले, भेगाळलेले पाय. मी दोऱ्या, ओळंबा, पट्टी घेऊन महिनेच्या महिने घालवले, आणि या बाईला ते पाणी प्यायला जाता जाता कळलं. मला अक्षरशः तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, लाज वाटली, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

गाडी बाजूला घेऊन डाव्या चाकांच्या जागी फरशीचे तुकडे बसवले. त्यावरून उजव्या चाकांच्या जागेपर्यंत चालून मीठवालीने मान हलवली, तेव्हाच मी नळी लावली. पाणी दोन्हीकडे सारखं होतं. मग गाडी त्यावर आणून, पत्र्या बदलून चाकं नव्याने लावली.

संध्याकाळपर्यंत ती थांबली होती. मी एकटाच धरमतरच्या वाटेवरच्या वडखळपर्यंत जाऊन आलो. गाडी नाकासमोर चालली. आईने मला काही विचारलं नाही. तिने मीठवालीला विचारलं, "बसू का गो मी?"

"बस. मी पन येते. वडखलला उतरव मना."

वडखळ आलं तरी मीठवाली उतरली नाही. "रोह्याला जाऊन येते, बघू दे," म्हणाली. पुढच्या सरळ रस्त्यावर मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी रेषा सोडेना. हे आईला दाखवावं म्हणून मी तिच्याकडे वळून काही बोलणार, एवढ्यात मागून मीठवालीने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बोलू नको," ती हळूच म्हणाली. "निजली ती."