कटुनायकेला उभे राहिलेले पियतिलक अय्या

पियतिलक अय्या कधी कोणाला नाही म्हणत नसत, आणि हे ज्यांना ज्यांना माहीत होतं त्या सगळ्यांनी त्याचा फायदा घेतला. त्या सगळ्यांत माझा नंबर पहिला लावायला हरकत नाही.

हिक्कडुवला समुद्राच्या अंगाला माझं सात खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. पाहुणे खोली ठरवतात आणि लगोलग विचारतात, विमानतळावरून आणायला गाडी पाठवाल का? मी लिहिते, हो, पाठवते. मग अय्यांना फोन करते. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. अय्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना थोरल्या भावाच्या नात्यानं अय्या म्हणायची. पण ते मला नोना म्हणायचे, म्हणजे मालकीणबाई. त्यामुळे भाऊ कोण आणि मालक कोण, याबद्दल दोघांच्याही मनात काही शंका नव्हती.

त्यांची पांढरी व्हॅन जुनी होती, पण आतून देवघरासारखी. मागे कायम चार थंबिली शहाळी, एक कोयता आणि इस्त्रीचा एक जादा शर्ट. कटुनायकेला विमानतळावर पोचलं की गाडीतच शर्ट बदलायचा, पुठ्ठ्याची पाटी छातीशी धरायची आणि कठड्याला पोट लावून उभं राहायचं. पाटीवरचं नाव ते स्वतः निळ्या खडूनं लिहायचे. दुसरे ड्रायव्हर पाटी काखेत मारून चहाला जातात, फोनवर क्रिकेट बघतात, पाहुणा दिसला की धावत येतात. अय्या जागचे हलायचे नाहीत. एकदा दोहाचं विमान नऊ तास उशिरा आलं, तर नऊ तास उभे राहिले.

मी म्हटलं होतं, "अय्या, बाकडी आहेत की तिथे. बसावं जरा."

"बसलो तर पाटी दिसत नाही, नोना."

"मग काय होतं? शोधतील की. लहान बाळं आहेत का?"

त्यावर ते नुसते हसले. कारण मला त्यांच्या बायकोनं, लीलावतीनं सांगितलं. त्यांची मुलगी इनोका घरकामाला कुवेतला गेली, तेव्हा एजंटचा माणूस तिला घ्यायला आलाच नाही. बावीस वर्षांची पोर एक दिवस आणि एक रात्र परक्या विमानतळावर बॅगेवर बसून रडत होती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या हातातल्या पाट्या वाचत होती. तेव्हापासून अय्यांनी पाटी खाली ठेवणं सोडलं. हे ऐकून मी हळहळले. दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच दिवसात दोन खेपा करायला लावल्या.

इनोका सहा वर्षांनी सुट्टीवर आली ती एप्रिलमध्ये, नव्या वर्षाला. अठरा दिवसांची सुट्टी. अय्यांनी घराला चुना काढला, नवी चूल मातीनं लिंपली, आणि सगळ्या आळीला सांगून झालं की यंदा चूल इनोका पेटवणार आणि वर्षाचा पहिला घास आपण तिला भरवणार. बोलताना माणूस पंधरा वर्षांनी लहान झाला होता.

आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी पावणेनऊच्या विमानानं माझे यान्सेन नावाचे हॉलंडचे नवराबायको येणार होते.

आमच्याकडे जुनं वर्ष संपतं आणि नवं उगवतं त्याच्या मधले काही तास कोणाचेच नसतात. नोनगते म्हणतात त्याला. चूल विझलेली, पोट रिकामं, कामाला हात लावायचा नाही, देणंघेणं नाही. देवळात जावं, गप्प बसावं. त्या वर्षी हे तास पहाटे साडेपाचला सुरू होत होते. चूल पेटवायचा मुहूर्त अकरा चाळीसचा, आणि पहिला घास, पहिलं काम आणि पहिला व्यवहार यांचा बारा पन्नासचा. त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावकाश चालतं. माझ्या ओळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांनी काखा वर केल्या. खरं तर यान्सेनना लिहायला हवं होतं की विमानतळावरची टॅक्सी घेऊन या. पण मी आधीच मोठ्या तोऱ्यात लिहून बसले होते, आमचा माणूस पाटी घेऊन उभा असेल. माझा शब्द खाली पडायला नको, एवढंच माझं दुखणं होतं.

मी अय्यांच्या घरी गेले. लीलावती अंगणात सणाचे कुरकुरीत कोकीस तळत होती. मी काय ते सांगितलं. अय्या काही बोलायच्या आत तीच बोलली.

"नोना, वर्षातून एक दिवस आहे."

"अगं, अकराला परत येतील ते. आता रस्ता किती चांगला झालाय. अकरा चाळीसला चुलीपुढे असतील. माझी जबाबदारी."

"तुमच्या घरचं कोणी पाठवा की. लायनल महत्तयांना येते ना गाडी चालवता?"

लायनल माझा नवरा, महत्तया म्हणजे साहेब. मी म्हटलं, "नोनगतेत ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. त्यांचं सगळं फार कडक असतं."

लीलावतीनं झारा कढईत उलटा केला आणि म्हणाली, "हो, मोठ्या घरची नोनगते कडकच असते."

मला झोंबलं. पण इनोका दारात उभी होती, ती वडिलांकडे बघत होती. अय्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "चारला निघतो. प्रवास जुन्या वर्षात सुरू केला म्हणजे झालं. मधले तास काय, गाडीत बसलो काय आणि देवळात बसलो काय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. कोणी साथ दिली नाही.

त्या सकाळी आम्ही सगळे, त्या वर्षीचा शुभ रंग म्हणून, निळे कपडे घालून तयार होतो. माझ्या घराचा नियम असा की नोनगतेत फोन कपाटात ठेवायचा, चादरींच्या घडीत. मी बुद्धाच्या मूर्तीपुढे दिवा लावत होते, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. सव्वाआठ वाजले होते. घामाघूम झालेलं गोरं जोडपं दोन बॅगा ओढत आत आलं. यान्सेन.

त्यांना दोहामध्ये आधीच्या विमानात जागा मिळाली होती. त्यांनी मला रात्री तसं कळवलंही होतं, पण मी ते पाहिलं नव्हतं. बाई हसून म्हणाली, तुमच्या ड्रायव्हरला उगाच त्रास नको म्हणून आम्हीच टॅक्सी केली. फार भली बाई. मी त्यांना खोली दाखवली, पाणी दिलं आणि परत येऊन दिव्यापुढे बसले.

लायनल हळूच म्हणाला, "पियतिलकला फोन कर. आत्ता निघाला तर अकराच्या आत घरी पोचेल."

खरंच पोचले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. उगाच आता सारवासारव कशाला करू.

मी म्हटलं, "नोनगतेत धंद्याचं बोलू? आणि तेही रद्द झालं म्हणून? वर्षाचा पहिला शब्द रद्द? वर्षभर खोल्या रिकाम्या राहिल्या तर तू येणार आहेस का भरायला?"

"अगं, तो माणूस तिथे उभा असेल."

"त्यांना सवय आहे उभं राहायची. बारा पन्नासला, कामाच्या मुहूर्तावर, पहिला फोन त्यांनाच करते. त्यांनाही बरं वाटेल."

लायनलनं दिव्यात तेल घातलं. तो नेहमी एकदाच सांगतो, आणि मला ते फार सोयीचं पडतं.

साडेनऊला कपाटात फोन वाजला. चादरींमुळे आवाज लांबून आल्यासारखा येत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून सूत्रं म्हणत राहिले. दहानंतर परत वाजला. मग पावणेअकराला, मग एकामागून एक दोनदा. मला पाहायचीही गरज नव्हती. मी कितीही डोळे मिटले तरी मला तो कठडा दिसत होता, पाटी दिसत होती, पाटीवर निळ्या खडूनं लिहिलेलं नाव दिसत होतं. त्या नावाची माणसं माझ्या अंगणात खुर्च्या टाकून पाय लांब करून बसली होती.

अकरा चाळीसला मी, त्या वर्षीच्या पंचांगात सांगितल्याप्रमाणे, दक्षिणेकडे तोंड करून काडी ओढली. तेव्हाही फोन वाजत होता. चुलीवरचं दूध सगळ्या बाजूंनी सारखं उतू गेलं. आळीत फटाके वाजले, यान्सेननी टाळ्या वाजवल्या. इतका चांगला शकुन आमच्याकडे कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बारा पन्नासला मी किरिबतचा, म्हणजे दूधभाताचा, घास खाल्ला, पहिला व्यवहार म्हणून लायनलच्या हातावर विड्याचं पान ठेवलं, आणि कपाट उघडलं. पहिल्याच घंटेला अय्यांनी उचलला.

"नोना, नवं वर्ष सुखाचं जावो," ते आधी म्हणाले. मग त्यांचा आवाज रडवेला झाला. "नोना, माझ्याकडून घोटाळा झाला. यान्सेन निघून गेले आणि मला दिसले नाहीत. मी जागचा हललो नाही, शपथ घेतो. लघवीलासुद्धा गेलो नाही. कसे सुटले नजरेतून, कळत नाही. आत चौकशी केली, ते म्हणतात विमानातले सगळे कधीच गेले. परक्या देशात बिचारे कुठे फिरत असतील."

मी म्हणायला हवं होतं, ते सव्वाआठलाच इथे आले. एवढंच वाक्य होतं.

"पोचले ते," मी म्हटलं.

"पोचले? कधी?"

"आत्ताच. टॅक्सीनं आले."

"बुद्धाची कृपा." त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला तो इथे ऐकू आला. "माझा जीव भांड्यात पडला. रागावलेत का ते?"

"नाही. तुम्ही या आता."

"येतो. माफ करा, नोना. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं."

मी फोन ठेवला. लायनल माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "काय बघतोस? जेव." आणि स्वतः मात्र ताट सरकवून उठले. लाज वाटत होती, पण परत फोन लावून खरं सांगितलं नाही.

अय्या चार वाजता घरी पोचले. लीलावतीनं दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून माझ्याकडे न बघता, शेजारणीला सांगावं तसं सांगितलं. चूल इनोकानं पेटवली, पण ती जेवली नाही. थाथ्था, म्हणजे बाबा, येऊ देत, म्हणाली. मुहूर्त टळला, भात थंड झाला, दोघं बापलेक चार वाजता जेवले. घास भरवताना अय्या रडले. मुहूर्ताचा घास नव्हता म्हणून नाही, तर पाहुणे चुकवले म्हणून. "पाहुण्यांसाठी," लीलावती परत म्हणाली आणि धुणं झटकायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अय्या आले. पांढरा सरोंग, पांढरा सदरा, हातात विड्याच्या पानांची चळत. नव्या वर्षात धाकट्यांनी मोठ्यांना पानं द्यायची, वाकायचं आणि वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागायची, ही आमची रीत. वयानं ते मोठे, म्हणजे पानं मी न्यायला हवी होती. पण ते घेऊन आले होते. इनोका बाहेर व्हॅनमध्ये बसली होती, तिला बाजारात न्यायचं होतं.

यान्सेन पडवीत चहा पीत होते. अय्या आधी त्यांच्यापुढे गेले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले की त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं नाही, फार चूक झाली.

यान्सेनबाई उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "छे, तुमची कसली चूक? आम्ही तर आधीच्या विमानानं आलो. सकाळी आठलाच इथे होतो. मॅडम दिवा लावत होत्या. मॅडमनी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी खांबाला धरून उभी होते. जमीन फाटती तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात ते का, हे मला तेव्हा कळलं.  आठ ते बारा पन्नास, अय्यांनी मनातल्या मनात मोजलं असणार. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. पण राग नव्हता. त्यांना माझी कीव आली होती.

"हो, हो," ते यान्सेनबाईंना म्हणाले. "मॅडमनी लगेच फोन केला होता. मीच विसरलो. म्हातारा झालो."

मग ते माझ्याकडे आले, दोन्ही हातांनी पानांची चळत पुढे केली, वाकले आणि ठरलेले शब्द म्हणाले. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. एक शब्द गाळला नाही. मी पानं घेतली. बारा वर्षांनी मोठा माणूस माझ्यापुढे वाकला आणि मी खांबासारखी उभी राहून पानं घेतली. माझे ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही.

ते पायऱ्या उतरून फाटकाकडे गेले. व्हॅनची काच खाली होती. इनोकाचा आवाज मला पडवीतून स्वच्छ ऐकू आला.

"काय म्हणाल्या, थाथ्था? अजून रागावल्यात का तुमच्यावर?"

"नाही गं," अय्या गाडीचं दार उघडत म्हणाले. "नोनानं माझी माफी मागितली. म्हणाल्या, चूक माझी होती, अय्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."