सेज ग्राउजच्या अंगणात रणगाडे

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी अमेरिकन आर्मीत टँक कमांडर होतो, रँक सार्जंट. वसंतात आमची बटालियन पूर्व वॉशिंग्टनमधल्या एका फायरिंग रेंजवर सरावाला गेली. तिथे पाऊस कमी. मैलोन्मैल सेजब्रशची राखाडी, उग्र वासाची झुडपं. सेज ग्राउज हा कोंबड्याहून थोराड रानपक्षी त्यांच्याच जिवावर जगतो. हिवाळाभर त्यांची पानं खातो. मादी त्यांच्या बुडाशी अंडी घालते. नाचायला मात्र नरांना उघडी जमीन लागते, तीही वर्षानुवर्षं तीच. पहाटे तिथे जमायचं, पांढरी छाती फुगवायची, बाटलीतून पाणी ओतल्यासारखा आवाज काढायचा. माद्या बघतात आणि निवडतात.

सरावाआधी जागा बघायला मी रेकीला गेलो तेव्हा हे पाहिलं होतं. आमचा लेफ्टनंट हॅल्वर्सन याला ती जागा नकाशावर दाखवलीही होती. त्याने सगळे टँक एकत्र उभे करायला नेमकी तीच निवडली. टँकवाल्याला सपाट, मोकळी जमीन दिसली की ती रिकामीच वाटते.

सरावाच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही चढ चढलो. समोर नर नाचत होते. मी रेडिओवर बोललो.

“सर, मी सांगितलेली जागा हीच. टँक डावीकडच्या नाल्यात उभे करू या. वेळ जाणार नाही.”

“निगेटिव्ह. ठरलंय तसं पुढे.”

“सर, कडेच्या झुडपांत घरटी आहेत.”

“सार्जंट, मी पोल्ट्री फार्म चालवत नाही. मूव्ह. आउट.”

हुकूम झाला, टँक निघाले. नर उडाले. अंड्यांवरची मादी मात्र शेवटपर्यंत हलत नाही. ती झुडपासारखी दिसते, निपचित बसून राहते. कोल्हा फसतो. टँक फसत नाही, कारण तो बघतच नाही.

दुपारी टँकचे पट्टे साफ करताना माझा गनर मिलर थांबला. पट्ट्यात पिसं होती, टरफलं होती. त्याने हेल्मेट काढलं.

सरावानंतरच्या रिव्ह्यूत हॅल्वर्सनने मेलेल्या-जखमींचा आकडा सांगितला, “कॅज्युअल्टीज, झिरो.” मी हात वर केला. त्याने पुढचा मुद्दा घेतला.

दुसऱ्या दिवशी नर परत आले होते. टँकनी पाडलेल्या चरांमध्येच छाती फुगवून नाचत होते.

सुट्टीत बेलव्ह्यूला, आई-वडिलांच्या घरी गेलो. वडिलांच्या ऑफिसातले एक काका जेवायला आले होते. मी हे सगळं सांगितलं.

“अरे, कोंबड्यांसाठी एवढं अपसेट काय होतोस यार?” काका म्हणाले. “टेस्टला कशा लागतात ते सांग.”

सगळे हसले. मी ताटावरून उठलो. आई मागून हाका मारत राहिली.

आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. मेलेल्या सैनिकांच्या स्मरणासाठी लोक उभे राहतात तेव्हा मीही उभा राहतो. ओळखीची नावं मनात घेतो. शेवटी अंड्यांवरची ती मादी येते. तिने आपली पहाऱ्याची पोस्ट सोडली नाही, आणि आम्ही तिला झिरोत मोजलं.